बाटलीतला माल की बाटलीवरचं गाव?

आपल्या मालावर आपल्या गावाचं नाव टिकवायचं असेल, तर नुसत्या लेबलच्या कायद्यावर भागेल की जीआयच्या (भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्याच मालाला ते नाव लावायचा हक्क) खटाटोपात पडावं? उत्पादकांच्या गटात हा प्रश्न निघाला, की मला विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वाइनच्या बाटल्या आठवतात. खोट्या लेबलांच्या मागे अमेरिका आणि फ्रान्स साधारण एकाच सुमारास लागले, पण दोघांनी चोरी वेगवेगळ्या जागी शोधली.

अमेरिकेत १९०६ साली शुद्ध अन्न व औषध कायदा झाला. त्याची अंमलबजावणी शेतीखात्यातल्या रसायन विभागाकडे, म्हणजे त्याचे प्रमुख हार्वी वायली यांच्याकडे आली. त्यांचा मुख्य सवाल: बाटलीत जे आहे तेच लेबलवर लिहिलंय का? ओहायोतली चोथ्याची वाइन घ्या. द्राक्षं एकदा पिळून झाल्यावर उरलेल्या चोथ्यात पाणी आणि साखर घालून तो पुन्हा आंबवायचा. चहाची चाळणीतली पावडर पुन्हा उकळावी तसं. वर लेबल मात्र अस्सल वाइनचं. असा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला की जप्त करता येई. मग मालकाने खर्च भरायचा, हमीपत्र द्यायचं, खरं लेबल चिकटवायचं आणि तीच पिपं परत न्यायची! पहिल्या गुन्ह्याला दंड जास्तीत जास्त २०० डॉलर. खरा चटका वेगळाच होता: खात्याकडून निकालपत्रकं छापली जात आणि त्यात नावं येत.

ही पद्धत स्वस्त आणि सुटसुटीत आहे. भेसळ हे तुमचं दुखणं असेल तर ती पुरे. पण गावाच्या नावाला तिचा फारसा उपयोग नाही. शॅम्पेन हा खरं तर फ्रान्समधला एक प्रदेश, पण अमेरिकेत फसफसणाऱ्या वाइनला ‘शॅम्पेन’ म्हणणं चालूच राहिलं. ‘कॅलिफोर्निया शॅम्पेन’ लिहिणारे जुने ब्रँड आजही कायदेशीर आहेत.

फ्रान्सने १ ऑगस्ट १९०५ च्या कायद्याने मालाच्या मूळ ठिकाणाबद्दलची फसवणूकही गुन्हा ठरवली. शिक्षा ३ महिने ते १ वर्ष कैद, ५,००० फ्रँकपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुढे डिसेंबर १९०८ मध्ये सरकारने नकाशावर शॅम्पेनची हद्दच आखली. आतल्यांचं नाव शॅम्पेन, बाहेरच्यांचं नाही. कागदावर याहून चोख काय असणार?

पण त्या रेषेत ओब जिल्हा बाहेर राहिला. तिथले द्राक्षशेतकरी त्यावर नाराज. हद्दीच्या आतल्या मार्न खोऱ्यातल्या शेतकऱ्यांची तक्रार उलटी होती: व्यापारी बाहेरून स्वस्त माल आणतात आणि शॅम्पेन म्हणून खपवतात. त्यात १९१० चा हंगाम पार बुडाला. जानेवारी १९११ मध्ये मार्न खोऱ्यातल्या दामरी आणि ओव्हिलेर या गावांत लोकांनी व्यापाऱ्यांची कोठारं फोडली, वाइन नदीत ओतली. एप्रिलमध्ये हद्द रद्द होणार असं दिसताच तिथल्याच ‘आई’ (Aÿ) नावाच्या गावात जाळपोळ झाली. लष्कर आणावं लागलं. जूनमध्ये ओबला ‘दुय्यम पट्टा’ असं नाव मिळालं, म्हणजे जखमेवर मीठच. पुरता समावेश झाला तो थेट १९२७ साली.

तरी माझा कौल फ्रान्सच्या बाजूने. नाव चोरीला जात असेल तर प्रयोगशाळा काय करणार? बाहेरचा आंबा देवगडच्या पेटीत भरला तरी तो आंबाच असतो, भेसळ सापडत नाही. तिथे हद्दच लागते. २०१८ साली हापूसला जीआय मिळाला तोही रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर अशी हद्द धरूनच.

फक्त अर्जाची घाई करू नका. गटातल्या गावांची यादी पक्की करण्याआधी यादीबाहेर राहणाऱ्या पहिल्या चार गावांत जा, त्यांचा माल कुठे जातो आणि आजवर कुठल्या नावाने विकला गेला ते विचारा. तुमचा ओब त्यातच असेल.