उन्हाळी संशोधन: अकादमींची फेलोशिप, मानखुर्द की जवळचं विद्यापीठ?

दहावीपर्यंत मराठी माध्यम, घरात कॉलेजची पायरी चढणारी पहिलीच पिढी, तालुक्याच्या गावी बी.एस्सी. अशा विद्यार्थ्याला उन्हाळ्याच्या सुट्टीत संशोधन करून बघायचं असेल, तर त्याच्यासमोर मुख्यतः तीन वाटा असतात. बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराज इथल्या तीन विज्ञान अकादमींची संयुक्त समर रिसर्च फेलोशिप, मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा ‘नियस’ (नॅशनल इनिशिएटिव्ह ऑन अंडरग्रॅज्युएट सायन्स) उपक्रम, आणि जवळच्या विद्यापीठात किंवा आपल्याच कॉलेजात एखाद्या प्राध्यापकांच्या हाताखाली काम. मुलं दरवर्षी विचारतात, यातलं नाव कशाचं मोठं? मी आधी एवढंच विचारतो की तिथे रोज तुमच्याशी बोलणार कोण आहे.

हा प्रश्न मी पहिला ठेवतो, त्याला कारण आहे. दिल्लीच्या एम्समध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीची चौकशी सुखदेव थोरात समितीने केली, त्याचा अहवाल २००७ साली आला. शिक्षक आपल्याला पुरेसा वेळ देत नाहीत, ही विद्यार्थ्यांची व्यथा त्यात स्पष्ट नोंदलेली आहे. प्रवेश मिळाला, शिष्यवृत्ती मिळाली, तरी शिकवणाऱ्याने जवळ बसवून घेतलं नाही तर मूल कडेलाच राहतं. ज्यांच्या घरी डॉक्टर, प्राध्यापक, इंजिनिअर आहेत त्यांची ही उणीव जेवणाच्या ताटावर भरून निघते. आपल्या मुलांना गाइडशिवाय दुसरं कोणी नसतं.

अकादमींच्या फेलोशिपचं स्वरूप साधं आहे: दोन महिने, देशातल्या कुठल्यातरी संस्थेत, एका शास्त्रज्ञाकडे. स्टायपेंड मिळतो, रेल्वेचं भाडं मिळतं. फॉर्म मात्र आदल्या हिवाळ्याच्या तोंडावर भरायचा असतो, तेव्हा आपल्याकडे सगळे सेमिस्टर परीक्षेच्या गडबडीत असतात आणि तारीख निघून जाते. फॉर्मसोबत काय करायचं आहे याचं छोटं टिपण आणि शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं. टिपण स्वतःच्या शब्दांत लिहा. ‘मला विज्ञानाची आवड आहे’ यापेक्षा ‘एसवायला पृष्ठताणाचं प्रॅक्टिकल करताना साबणाच्या पाण्याचं रीडिंग एका मर्यादेनंतर उतरायचं थांबलं, ते का?’ असं एक वाक्य निवडणाऱ्याला थांबवतं.

या वाटेचं बळ म्हणजे चालती प्रयोगशाळा आतून दिसते. उपकरणावर नंबर कसा लावतात, बिघडलेला प्रयोग पुन्हा कसा मांडतात, ग्रुप मीटिंगमध्ये गाइडलाही कसे प्रश्न विचारले जातात, हे तालुक्याच्या कॉलेजात बघायला मिळत नाही. अडचण वेळेची. पहिला पंधरवडा गेट पास, वसतिगृह आणि वाचनात जातो, शेवटचा अहवालात. मधल्या महिन्याभरात गाइड परिषदेला गेले तर तुमचा खरा मार्गदर्शक शेजारच्या टेबलावरचा पीएचडीचा विद्यार्थी असतो.

माझ्या वर्गातली एक मुलगी अशीच राज्याबाहेरच्या एका प्रयोगशाळेत गेली होती. ग्रुप मीटिंगमध्ये सगळे भराभर इंग्रजीत बोलत आणि ती मागच्या खुर्चीवर मान खाली घालून लिहून घेई. तिला काम दाखवणारी पीएचडीची ताई नेमकी सांगलीकडची निघाली. तिने नियम घातला: संध्याकाळी निघण्याआधी वहीत तीन ओळी लिहून दाखवायच्या. आज काय केलं, काय निघालं, काय कळलं नाही. मराठीत लिहिलंस तरी चालेल, पण तिसरी ओळ रिकामी सोडायची नाही. एका संध्याकाळी तिसऱ्या ओळीत होतं, ‘बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) रोज नवा का करायचा?’ ताईने दुसऱ्या दिवशी जुना आणि नवा बफर शेजारी शेजारी ठेवून दोन्हींचा पीएच तिलाच मोजायला लावला. पुढच्या मीटिंगमध्ये त्या दोन आकड्यांबद्दल ती स्वतःहून बोलली. असं माणूस भेटलं तर दोन महिने पुरतात. फेलोशिपच्या पत्रात मात्र ते माणूस लिहिलेलं नसतं, म्हणून ही निवड मी बेभरवशाची समजतो.

नियसमध्ये हा धोका कमी आहे. २००४ साली सुरू झालेला हा उपक्रम मुळात पदवीच्या मुलांसाठीच आखलेला आहे. आधी शिबिर होतं, त्यातून निवडलेल्यांना प्रकल्प मिळतो, आणि मग वर्ष-दोन वर्षं सुट्ट्यांमध्ये मानखुर्दला येऊन तोच प्रकल्प पुढे न्यायचा. पहिल्या खेपेला बुजलेलं पोरगं दुसऱ्या खेपेला ओळखीच्या जागी परत येतं, त्याची चूक कुठे झाली होती हे गाइडला आठवत असतं, आणि मधल्या महिन्यांत मेलवर विचारता येतं. माझ्या मते आपल्या मुलांना सर्वांत जास्त उपयोग या पुन्हा पुन्हा भेटण्याचा होतो. शिवाय आजूबाजूला पदवीचीच मुलं असतात, त्यामुळे ‘मलाच काही येत नाही’ ही भावना लवकर निवळते. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्रातही रसायनशास्त्र आणि जीवशास्त्रासाठी असे सलग उन्हाळ्यांचे कार्यक्रम आहेत. अडसर दोन: जागा थोड्या, आणि पदवीच्या सुरुवातीलाच अर्ज करावा लागतो. आपल्या मुलांना या गोष्टी कळेपर्यंत टीवाय उजाडतं, त्यामुळे एफवायच्या वर्गात पहिल्याच महिन्यात हे सांगणं शिक्षकांचं काम आहे.

जवळच्या प्राध्यापकांकडे काम करण्याला आपल्याकडे कमी लेखतात. बरेचदा ते रास्तही असतं. विज्ञान शिकणाऱ्या मुलांसाठीच्या केंद्र सरकारच्या इन्स्पायर शिष्यवृत्तीचे वर्षाचे ८०,००० रुपये, त्यातले २०,००० उन्हाळी प्रकल्पाच्या मार्गदर्शनासाठी ठेवलेले. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी नेटवरून उतरवलेला अहवाल, त्यावर सही-शिक्का, आणि गाइडचं तोंडही न पाहिलेलं मूल. हे पैसे त्या मुलाच्या शिकण्यासाठी आहेत आणि असा प्रकार पाहिला की मला मनापासून वाईट वाटतं.

पण गाइड खरा असेल तर या वाटेसारखी वाट नाही. शंका मराठीत विचारता येते. जूनमध्ये काम संपत नाही, दर शनिवारी भेटता येतं. मुलीला दोन महिने परराज्यात पाठवायला घरचे तयार नसतील तरी काम अडत नाही. विषयही दाराशी असतात. यवतमाळ-चंद्रपूरच्या विहिरींमधलं फ्लोराइड किंवा अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यातली माती यावर बी.एस्सी.चा विद्यार्थी साध्या उपकरणांनी नीट मोजमाप करू शकतो, आणि नमुने कुठून घ्यायचे हे त्याला बंगळुरूच्या शास्त्रज्ञापेक्षा चांगलं कळतं. ते काम मग विद्यापीठांच्या ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धेत मांडता येतं. कमतरता उपकरणांची आणि जर्नल्सची, आणि त्याहून मोठी सरांच्या वेळेची, कारण मे महिन्यात ते पेपर तपासणी आणि नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायलींत असतात. आधी स्पष्ट विचारा: सर, आठवड्यातून दोन तास माझ्यासाठी मिळतील का? उत्तर घुटमळत आलं तर दुसरं दार ठोठावा.

पैशाचं गणित वेगळं बघायला हवं. स्टायपेंड बरेचदा शेवटी हातात पडतो, पण मेसची अनामत पहिल्याच दिवशी भरावी लागते. त्यात जो मुलगा मे महिन्यात दुकानात किंवा शेतात काम करून वर्षाची फी जमवतो, त्याचं ते उत्पन्नही बुडतं. निवड झाल्याचं पत्र येताच संस्थेच्या कार्यालयाला मेल करून अनामत पुढे ढकलता येईल का ते विचारा. लाजू नका. कॉलेजच्या विद्यार्थी कल्याण निधीतून प्राचार्य उचल देऊ शकतात का, तेही बघा. आणि तुमच्याकडूनच पैसे घेऊन ‘इंटर्नशिप सर्टिफिकेट’ देणाऱ्यांच्या नादी अजिबात लागू नका.

माझा कौल असा: एफवायला असाल तर नियसचा अर्ज आधी, बाकी नंतर. एसवायला असाल आणि जवळ वेळ देणारे गाइड असतील, तर तो उन्हाळा त्यांच्याकडे घाला आणि त्या कामाच्या जोरावर पुढच्या वर्षी अकादमींचा फॉर्म भरा. टिपणात लिहायला तेव्हा स्वतःचं काहीतरी असेल, आणि शिफारसपत्रात सरांनाही. याला अपवाद एक. आपल्याच विभागात आडनाव विचारून जागा दाखवली जात असेल, तर थांबू नका, लांबची फेलोशिप मिळताच निघा. नव्या ठिकाणी पहिल्याच आठवड्यात तिथल्या अनुसूचित जाती-जमाती कक्षाचा नंबर जवळ ठेवा.

कॉलेजातल्या सहकाऱ्यांनाही एक सांगायचं आहे. अकादमींची ही फेलोशिप शिक्षकांसाठीही असते. आपल्यापैकी कोणी दोन महिने चांगल्या प्रयोगशाळेत घालवले, तर तिथली पद्धत आणि ओळखी आपल्या विभागात येतात, आणि पुढे फोन करून ‘माझी एक विद्यार्थिनी पाठवतोय, तिच्याकडे लक्ष द्या’ असं सांगता येतं. यंदा विद्यार्थ्यांचे फॉर्म भरून घ्याल तेव्हा स्वतःचाही भरा.