६१ मिलिमीटरला ६,१५० रुपये

एकतीस वर्षं टूलरूममध्ये इन्स्पेक्शनला काढली. खिशात व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) नसला तर काहीतरी घालायचं राहिलंय असं वाटायचं. जॉब दोन शतांश मिलिमीटरने जास्त भरला तर ऑपरेटरच्या तोंडावर परत पाठवायचो, मग तो कितीही ओळखीचा असो. त्या माणसाला भर दुपारी, भर बाजारात, कॉम्प्युटरच्या कॅबिनेटात ६१ मिलिमीटरने गंडवलं. ६१! चांगली तीन बोटं! लिहिताना आताही कान गरम होतायत, पण दुसरं कुणी तरी वाचावं म्हणून लिहितोय.

मुलगी आर्किटेक्चरला तिसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉपवर रेंडर (डिझाइनचं खऱ्यासारखं चित्र तयार करणं) लावलं की तो मिक्सरसारखा ओरडतो आणि तासाभराने बंद पडतो. म्हणून पीसी जुळवायचा ठरला. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम हे सगळं एका ओळखीच्या दुकानातून पक्क्या बिलावर घेतलं. मदरबोर्ड एकटा १४,२०० चा, फुल एटीएक्स, म्हणजे मोठ्या मापाचा. त्याच्याकडे मनासारखं कॅबिनेट शिल्लक नव्हतं. पोरीचं सबमिशन होतं, म्हणून कॅबिनेट आणि एसएमपीएस (आतल्या भागांना वीज देणारा डबा) आणायला मी एकटा निघालो. निघताना तिने बजावलं होतं, ‘‘बाबा, रंग कुठलाही चालेल, पण एटीएक्स बघून घे.’’ मी म्हटलं, मला माप शिकवतेस का?

डोंबिवलीहून फास्ट पकडून दादर, तिथून स्लोने ग्रँट रोड, आणि मग चालत लॅमिंग्टन रोड, मुंबईतला कॉम्प्युटरच्या मालाचा बाजार. कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावाने विचारलंत तर दुकानदारही दोन क्षण विचार करेल. तिथे चांगली दुकानं आहेत, हे आधीच सांगतो. मी ज्यात शिरलो ते चांगलं नव्हतं. नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिलं तर नोटीस मलाच यायची.

पुढचा प्रकार तुम्हाला नवा नाही. दाखवायचं एक, बांधून द्यायचं दुसरं. आंबेवाला वरच्या थरात करतो तेच. काउंटरवर काचेच्या बाजूचं झकास कॅबिनेट, आत बोर्ड बसवलेला, तीन पंखे रंग बदलत फिरतायत. बोर्ड फुल साइजचा, हे मी नजरेनेच मापलं, आणि ते बरोबरच होतं. मागे कार्डांच्या जागा झाकणाऱ्या पट्ट्याही सात होत्या. ‘‘एटीएक्सच ना?’’ ‘‘एटीएक्सच साहेब. यात सगळे बोर्ड बसतात.’’ ५,२०० सांगितले, ४,६५० ला तुटलं. सोबत ‘५०० वॉट’ लिहिलेला एसएमपीएस २,१५० ला. एकूण ६,८००. क्यूआर कोड स्कॅन केला तर दुकानाच्या नावाऐवजी कुठल्याशा बाईंचं नाव आलं. ‘‘घरचंच खातं आहे, पाठवा बिनधास्त.’’ पाठवले.

दुकानाच्या पाटीवरचं नाव आणि क्यूआरवर येणारं नाव जुळत नसेल तर फोन खिशात घालून बाहेर पडा. हे मी तिथे करायला हवं होतं.

पण खरा क्षण तो नव्हता. खरा क्षण पुढचा, आणि तो मला रोज रात्री दिसतो.

पोटमाळ्यावरून पोऱ्याने खोका खाली दिला. खोक्यावर त्याच कॅबिनेटचं चित्र, तोच काचेचा दरवाजा, तेच पंखे. बाजूला स्पेसिफिकेशनचा तक्ता छापलेला, आणि त्यातल्या एका ओळीवर पांढरं स्टिकर: ‘एटीएक्स / एम-एटीएक्स’. एम म्हणजे मायक्रो, छोटं माप. स्टिकर तिरकं होतं. बाकीचा तक्ता राखाडी शाईत, हे काळ्या. मी त्यावरून अंगठा फिरवला. सवयीने, जॉबची कड तपासावी तसा. खालचा कोपरा सुटलेला होता आणि त्याच्याखाली छपाई होती. माझं नख कोपऱ्याखाली गेलंसुद्धा. तेवढ्यात पोऱ्याने खोका ओढला, ‘‘अहो साहेब, सील फाटेल, वॉरंटी जाईल तुमची,’’ आणि सुतळी गुंडाळायला लागला. सुतळी नेमकी त्या स्टिकरवरून गेली.

आणि मी नख काढून घेतलं. एकतीस वर्षांत कुठल्या ऑपरेटरची ‘साहेब, राहू द्या’ म्हणायची टाप नव्हती, आणि अठरा वर्षांच्या पोराने सील म्हटल्यावर मी गप्प! वर खोका उचलल्यावर मनात काय आलं माहीत आहे? ‘अरे वा, हलकं आहे, लोकलमध्ये न्यायला बरं.’ हलकं आहे! काउंटरवरचं उचलून बघितलं असतं तर तिथेच उजेड पडला असता.

माझी बाजूही ऐका. दोन वाजले होते, जेवलो नव्हतो, मागे चार गिऱ्हाइकं धक्के देत होती. आणि डोळ्यांसमोर जे ठेवलं होतं ते खरोखरच एटीएक्स होतं. मी चुकीची वस्तू निवडलीच नाही. निवडलेली वस्तू मला मिळाली नाही. हा फरक मी पुढे चार ठिकाणी समजावून सांगितला आणि चारही ठिकाणी माझ्याकडे ‘काका, तुमचंच चुकलं’ अशा नजरेने बघितलं गेलं.

रात्री हॉलमध्ये चादर अंथरून खोका उघडला. मदरबोर्ड मागे लावून बघितला तर पोर्टांचा आडवा चौकोन अगदी जुळला. मी खूश. पण हा चौकोन सगळ्याच मापांच्या बोर्डांना एकसारखा असतो, साधारण १५९ बाय ४४ मिलिमीटर, म्हणून तो जुळला यावरून काहीच ठरत नाही. त्यानंतर बोर्ड आत आडवा ठेवला, तर खालचा भाग एसएमपीएसच्या पत्र्यावर चढून बसला. वरच्या स्क्रूची भोकं जुळतात, आणि खालची रांग पत्र्यावर लोंबकळते. पोरगी मागून म्हणाली, ‘‘बाबा, मागच्या पट्ट्या मोज.’’ चार. सात नाहीत, चार. मग व्हर्नियर काढला. आता काढला!

एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर. इंटेलने १९९५ मध्ये ठरवलेलं माप, आजही तेच आहे. मायक्रो-एटीएक्स २४४ बाय २४४. मिनी-आयटीएक्स १७० बाय १७०. ३०५ मधून २४४ गेले, उरले ६१. मोठ्या पातेल्यात छोटा गंज ठेवता येतो, उलटं होत नाही. एटीएक्स कॅबिनेटात मायक्रो बसतो, मायक्रोच्या कॅबिनेटात एटीएक्स बसायचा नाही. ‘सगळे बोर्ड बसतात’ हे वाक्य ज्या दुकानात ऐकाल तिथे लगेच ‘कुठले सगळे?’ म्हणून विचारा. आणि मागच्या पट्ट्या स्वतः मोजा. पूर्ण एटीएक्स असेल तर निदान सात हव्यात. याला टेपसुद्धा लागत नाही, शाळेतलं पोर मोजेल.

स्टिकर सोललं. खाली छापलेलं: ‘एम-एटीएक्स / मिनी-आयटीएक्स’.

एसएमपीएसचं तर बोलूच नका. खोक्यावर ५०० वॉट. अंगावरच्या लेबलवर बारीक अक्षरांत १२ व्होल्टच्या लाइनला १६ अँपिअर. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळं याच लाइनवर ओढतात. बोर्डाला प्रोसेसरसाठी आठ पिनांची वायर हवी, यात चार पिनांचीच. खोक्यावरचा मोठा आकडा वाचू नका, लेबलवरची १२ व्होल्टची ओळ वाचा.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या रिपेअरवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, ग्राइंडरने पत्रा कापू, बसवून देतो. काही वेळ मोहात पडलो, खोटं कशाला बोलू. पण पत्र्याचा कीस बोर्डावर उडाला तर १४,२०० वर पाणी. त्याने एक गोष्ट मात्र कामाची सांगितली: बोर्डाखाली जे पितळी नट लावतात, ते बोर्डाच्या भोकाखालीच हवेत. भोक नसलेल्या जागी एक जरी राहिला तर तो बोर्डाला मागून टेकतो आणि शॉर्ट होतो. तपासणीचे ५०० घेऊन गेला.

मग परतीची वारी. खोका घेऊन मालडब्यात चढलो, मासळीच्या टोपल्या आणि दुधाच्या रिकाम्या कॅनमध्ये तो छातीशी धरून उभा. दुकानात मालक एकदम वेगळा माणूस. ‘‘सील तुटलंय.’’ सील तोडल्याशिवाय आत काय आहे ते कळणार कसं? ‘‘माल डिफेक्टिव्ह आहे का? नाही. तुमचा बोर्ड मोठा आहे, त्याला आम्ही काय करणार?’’ मी सोललेलं स्टिकर काढून दाखवलं. ‘‘हे कंपनीतून येतं.’’ शेवटी म्हणाला, दोन्ही ठेवून जा, १,५०० चा माल दुसरा घ्या. ६,८०० चे १,५००! बिल दाखवा म्हणाला, तेव्हा मी पहिल्यांदा नीट वाचलं. वर ‘एस्टिमेट’ लिहिलेलं. खाली ‘१ कॅब आरजीबी, १ एसएमपीएस’. मॉडेल नाही, माप नाही, जीएसटी क्रमांक नाही. पक्कं बिल हवं तर अठरा टक्के जास्त पडतील म्हणाला होता, आणि मी ते पैसे वाचवल्याचा आनंद मानला होता. हा माझा मूर्खपणा, याची वाटणी करत नाही.

पोलीस ठाण्यात गेलो. कोणतं ते राहू द्या. चाळीस मिनिटं बाकावर. साहेबांनी विचारलं, एटीएक्स म्हणजे एटीएमसारखं काही का? समजावलं. कागदावर ३०५ आणि २४४ चे चौकोन काढून समजावलं. म्हणाले, ‘‘हे दिवाणी आहे.’’ मी म्हटलं, छापलेल्यावर खोटं स्टिकर लावून विकणं ही फसवणूक, जुनं ४२०, नवं ३१८. त्यावर ‘‘कलमं तुम्हीच सांगताय तर तुम्हीच गुन्हा दाखल करा’’ असं उत्तर. अर्ज मात्र घेतला. पोच मागितली तर शिक्का मारणारे जेवायला गेले होते. तीन वाजता आले, तेव्हा त्यांना शिक्का सापडेना!

दुकानदारांच्या संघटनेत गेलो. अकरा ते एक ही वेळ दारावर लिहिलेली, पावणेबाराला कुलूप. दुसऱ्या फेरीत एक गृहस्थ भेटले. चहा पाजला. म्हणाले, तो आमचा सभासद नाही. मग कुणाचा आहे? ‘‘कुणाचाच नाही.’’

एका सरकारी कचेरीत गेलो, वजन-मापाशी संबंधित. इथे मला खात्री होती, कारण माझी तक्रारच मापाची. टेबलावरच्या बाईंनी विचारलं, किती कमी भरलं? ६१ मिलिमीटर. ‘‘किलो-लिटरमध्ये असेल तर बोला.’’ दुसऱ्या मजल्यावर जा म्हणाल्या. दुसऱ्या मजल्यावर सांगितलं, अर्ज पहिल्या मजल्यावरच घेतात. एकतीस वर्षं मिलिमीटरवर पगार घेतला, आणि सरकारदरबारी मिलिमीटर मोजतच नाहीत! ज्यांचं कामच माप, त्यांना मापाची लाज नाही, आणि मला मात्र चारचौघांत विचारतात, ‘काका, तुम्ही मोजून का नाही घेतलं?’

एवढी पायपीट करायच्या आधी काय करायला हवं होतं ते आता कळतंय. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, तिथे पहिल्याच दिवशी तक्रार टाकून क्रमांक घ्यायचा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या किमतीला फी लागत नाही. पण पुरावा? माझ्याकडे एस्टिमेटची चिठ्ठी आणि कुठल्याशा बाईंच्या खात्यात गेलेले ६,८००. ओळखीच्या वकिलाने नुसत्या नोटिशीचे ५,००० सांगितले. तिथे मी थांबलो. काउंटरवर मॉडेल नंबर वाचताना, खोका उघडताना व्हिडिओ काढून ठेवा. लाज वाटली तरी काढा.

पंधरा दिवसांनी त्याच रस्त्यावर दुसऱ्या दुकानात गेलो. या वेळी जुन्या खोक्याचा पुठ्ठा कापून नेला, ३०५ बाय २४४, व्हर्नियरने तपासलेला, भोकांच्या जागी पेनाने गोल. दुकानदार हसला, पण त्याने कॅबिनेट उघडून आडवं ठेवलं. पुठ्ठा आत ठेवला, चारी कडांना बोट फिरवलं. ग्राफिक्स कार्डाची लांबी पुढचे पंखे लावलेले असताना मोजली, कूलरची उंची काचेपर्यंत मोजली. दुसऱ्या एका कॅबिनेटावर ‘ई-एटीएक्स’ लिहिलेलं होतं. त्या शब्दावर जाऊ नका. मूळ माप ३०५ बाय ३३०, पण २४४ पेक्षा जरा रुंद असलेल्या कशालाही तो शब्द चिकटवतात. कॅबिनेट ५,३००, एसएमपीएस ४,९००, पक्कं बिल, मॉडेलसकट, आणि क्यूआरवर दुकानाचंच नाव.

ते पहिलं कॅबिनेट महिनाभर गॅलरीत होतं. मागच्या रविवारी आमच्या सोसायटीतले एक जण विचारायला आले, मुलासाठी हवंय, देता का? म्हटलं, आधी बोर्ड घेऊन या. बोर्ड आणला. २४४ बाय २४४. आत ठेवून दाखवला, सगळे स्क्रू लावून दाखवले, मग १,५०० घेतले. एसएमपीएस फुकटसुद्धा दिला नाही. तपासणीचे ५०० आणि फेऱ्या, झेरॉक्स, चहा यांचे ३५० धरून हिशेब ६,१५० वर थांबला. त्यांना पावती लिहून दिली आणि तिच्यावर ठळक अक्षरांत ‘मायक्रो-एटीएक्स, एटीएक्स बसत नाही’ असं लिहून सही केली.