कॅनबस एलईडी की वेगळा रेझिस्टर?

अनेक गाड्यांत साध्या बल्बच्या जागी एलईडी बसवला की डॅशबोर्डवर ‘बल्ब गेला’ अशी सूचना येते, कारण गाडीचा कंट्रोलर बल्बमधून जाणारा करंट तपासतो. 21 वॅटचा साधा बल्ब 12 व्होल्टवर पावणेदोन अँपिअर घेतो, एलईडी त्याच्या काही अंशच. ही तूट रेझिस्टर भरून काढतो: तो जादा करंट ओढतो आणि कंट्रोलरला साधाच बल्ब असल्यासारखं वाटतं. मग बल्बमध्येच रेझिस्टर असलेला कॅनबस एलईडी घ्यावा, की साधा एलईडी लावून वेगळा रेझिस्टर जोडावा?

मेहनत पाहिली तर कॅनबस बल्ब सरळ जिंकतो. जुना काढा, नवा बसवा, वायर कापायची गरज नाही. वेगळा रेझिस्टर बल्बला समांतर जोडावा लागतो, आणि जोड कच्चा राहिला तर ओल शिरते.

खरा प्रश्न उष्णतेचा. 6 ओहमचा रेझिस्टर 12 व्होल्टवर 24 वॅट उष्णता सोडतो. तो प्लास्टिकला किंवा वायरींना टेकता कामा नये, धातूच्या पत्र्यावर स्क्रूनेच बसवावा. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप नको. कॅनबस बल्बमध्ये हीच उष्णता एलईडीच्या शेजारी कोंडते आणि त्याचं आयुष्य घटवते. विजेची बचत मात्र दोन्हीकडे बरीचशी रेझिस्टरच खातो.

खर्चात वेगळा रेझिस्टर पुढे टिकतो: बल्ब गेला तरी तो राहतो.

पार्किंग, नंबरप्लेट आणि आतल्या 5 वॅटच्या दिव्यांना कॅनबस बल्ब घ्या. एलईडीमुळे इंडिकेटर भराभर लुकलुकत असेल आणि जवळ मोकळा पत्रा असेल, तर वेगळा रेझिस्टर. वॉरंटीतल्या गाडीची वायर मात्र कापू नका.