बीपीचं मशीन: तापटाला लाभतं, काळजीखोराला नडतं

नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या औषधाच्या दुकानात किंवा गांधीबागेच्या दवाबाजारात बीपीचं मशीन मागितलं, की काउंटरवर दोन प्रकार येतात: दंडावर पट्टा बांधायचं आणि मनगटावर लावायचं. मनगटाचं सुटसुटीत दिसतं, पण घेऊ नये. मनगट हृदयाच्या उंचीला नसलं की आकडा चुकतो, आणि ते रोज तसंच धरणं घरी कुणाला जमत नाही. दंडावरचं साधं मशीन दोन हजारांच्या आगेमागे मिळतं. ब्लूटूथ, बोलणारा आवाज यांसाठी जास्तीचे पैसे मोजायचं कारण नाही. मोजायचेच तर पट्ट्याच्या मापासाठी मोजा.

दुकानात जाण्याआधी खांदा आणि कोपराच्या मधोमध दंडाचा घेर टेपने घ्या. डब्यातला नेहमीचा पट्टा बहुधा 22 ते 32 सेंटीमीटरचा असतो. 35 घेराच्या दंडाला तो ओढूनताणून बांधला, तर बीपी नसलेल्यालाही बीपी दाखवतो. अशांनी 22 ते 42 वाला पट्टा मागावा. मॉडेलची अचूकता तपासलेली आहे का, हे स्ट्राइड बीपी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या यादीत दिसतं. दुकानदाराच्या 'एकदम चालतं'पेक्षा ती यादी बरी.

हे मशीन डॉक्टरांसारखे ठोके ऐकत नाही. पट्ट्यातल्या हवेला नाडीमुळे जी थरथर येते ती पकडून हिशेबाने वरचा-खालचा आकडा काढतं. म्हणून हात हलला, बोललात, किंवा ठोके मुळातच अनियमित असले, की हिशेब फसतो.

आता स्वभावाचं. हे मशीन खऱ्या अर्थाने कामाचं आहे ते तापट माणसाला, आणि त्याहून जास्त घुम्याला. राग आला की अ‍ॅड्रेनलिन सुटतं, ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात. चेहरा दगडासारखा ठेवला म्हणून आत हे थांबत नाही. 1959 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मेयर फ्रीडमन आणि रे रोझेनमन या हृदयरोगतज्ज्ञांनी घाई, चढाओढ आणि चीड असलेल्या स्वभावाचा हृदयविकाराशी संबंध मांडला; 'टाइप ए' हे नाव त्यांचंच. पुढच्या अभ्यासांत ती कल्पना अख्खी टिकली नाही. नुसत्या घाईवरचा आरोप ढिला पडला, राग आणि वैरभाव यांच्यावरचा राहिला. 2024 साली अमेरिकेत 280 निरोगी माणसांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात रागाची आठवण 8 मिनिटं उगाळायला लावली, तर रक्तवाहिन्यांची सैल होण्याची क्षमता 40 मिनिटांपर्यंत घटलेली दिसली. काळजी आणि दुःखाच्या आठवणींनी तसा ठळक परिणाम दिसला नाही.

मात्र भांडणानंतर लगेच पट्टा बांधू नका. तो आकडा भांडणाचा असतो, तुमचा नव्हे. तापटाने मोजायचं ते रोजच्या ठरल्या वेळी, आणि वहीत आकड्याशेजारी एकच शब्द लिहायचा: 'ऑफिस', 'जागरण', 'वाद'. महिन्याभरात रविवारचे आकडे आणि सोमवार-मंगळवारचे आकडे शेजारी ठेवून बघा. दवाखान्यात नॉर्मल आणि कामाच्या दिवशी चढलेलं, असं छुपं बीपी यातच सापडतं. डॉक्टरांना हीच वही दाखवा.

मोजायची रीत सोपी आहे, पण इथेच सगळे चुकतात. आधी अर्धा तास चहा नाही, व्यायाम नाही, तंबाखूचा खर्रा तर नाहीच. टेन्शन आलं की खर्रा घोटून तोंडात टाकायची सवय असेल, तर मशीन निकोटिनने चढलेलं बीपी दाखवतं आणि नाव मात्र टेन्शनचं होतं. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, मांडीवर मांडी न टाकता 5 मिनिटं गप्प बसा. फोन बाजूला. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या दोन बोटं वर, आणि हात टेबलावर हृदयाच्या उंचीला. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. घरची सरासरी 135/85 किंवा वर असेल तर डॉक्टर गाठा. पहिल्या वेळी दोन्ही हातांचं मोजून, जास्त येईल तो हात कायम धरा. मोजण्याआधी मुद्दाम प्राणायाम करून आकडा खाली आणणारे बरेच असतात; मशीनला फसवून औषध चुकतं, दुसरं काय.

काळजीखोर माणसाला मात्र हे मशीन घेऊन देऊ नये, निदान त्याच्या हाती देऊ नये. 142 दिसलं की तो घाबरतो, पुन्हा मोजतो, 150 येतं, मग दर दहा मिनिटांनी पट्टा. प्रत्येक वेळी भीतीच मोजली जाते. अशा घरात मशीन कपाटात, किल्ली दुसऱ्याकडे, मोजणं ठरल्या आठवड्यातच, आणि आकडा लिहून घेणाराही दुसराच. अपवाद एकच: 180/120 च्या वर गेलं तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा, तेवढंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टर. सोबत छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं किंवा बोबडं बोलणं असेल, तर पुन्हा मोजत बसू नका, 108 लावा.

नागपूरकरांसाठी एक खास अडचण मे महिन्याची. बहुतेक मशीन 40 अंशांपर्यंतच नीट चालतात, असं माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. ते गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. उन्हातून आल्यावर, घाम गेलेला असताना, बीपी उतरलेलं दिसू शकतं. ते बघून गोळी स्वतःच बंद करणं ही दर उन्हाळ्यातली चूक. कूलरच्या खोलीत बसून, पाणी पिऊन, अंग निवल्यावर मोजा. सेल मंद झाले की पट्टा अर्धवट फुगून एरर येतो. मशीन बिघडलं म्हणून दुकानात नेण्याआधी चारही सेल एकदम बदलून बघा.