सोलापूरच्या थंडीत कोणतं ऑइल: ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३० की १५डब्ल्यू-४०?

दिवाळी सरली की गॅरेजमध्ये हा प्रश्न ऐकू येतोच: थंडी आहे, ऑइल पातळ टाकायचं का? माझं मत आधीच सांगतो. सोलापूरच्या थंडीसाठी म्हणून ऑइलचा ग्रेड बदलायची गरज नाही. डिसेंबरात भरलेलं ऑइल एप्रिल-मेच्या ४२-४३ अंशांतही त्याच इंजिनात फिरणार आहे. तेव्हा निवड वर्षभराची करा.

कॅनवर डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड इंजिनासाठी असतो, नंतरचा तापलेल्या इंजिनासाठी. थंडीत इंजिन फिरवायची चाचणी ०डब्ल्यूसाठी उणे ३५ अंशांवर होते, ५डब्ल्यूसाठी उणे ३०, १५डब्ल्यूसाठी उणे २० आणि २०डब्ल्यूसाठी उणे १५. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत पहाटे शाल लागते, पण तेव्हाही आपल्याकडे पारा शून्याच्या बराच वर असतो. म्हणजे यातलं कुठलंही ऑइल आपल्या थंडीत गोठणार नाही. सकाळी सेल्फ ओढत नसेल तर आधी बॅटरी तपासून घ्या. उन्हाळ्याच्या उष्णतेनं ती आतून खचलेली असते आणि ते कळतं पहिल्या गारठ्यात.

तरी पहिला आकडा अगदीच निरुपयोगी नाही. रात्रभर उभ्या गाडीतलं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं. स्टार्ट केल्यावर ते वर कॅमशाफ्टपर्यंत पोचेपर्यंतच्या क्षणांत झीज जास्त होते आणि पातळ ऑइल तिथं लवकर पोचतं. म्हणून कंपनीच्या पुस्तिकेत ५डब्ल्यू आणि १५डब्ल्यू दोन्ही दिले असतील तर मी ५डब्ल्यूच घेईन.

०डब्ल्यू-२० की ५डब्ल्यू-३०?

खरी अडचण इथे आहे. अलीकडच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांना कंपनी ०डब्ल्यू-२० सांगते, काहींना तर ०डब्ल्यू-१६. आपल्याकडे लगेच कुणीतरी म्हणतं, "सोलापूरचं ऊन बघा, एवढं पातळ कसं चालेल?" शंका चुकीची नाही. १०० अंशांना २० ग्रेडची चिकटाई ६.९ ते ९.३ सेंटीस्टोक (आकडा मोठा तितकं ऑइल घट्ट) असते, ३० ग्रेडची ९.३ ते १२.५. पण थर्मोस्टॅट कूलंटला साधारण ९० अंशांच्या आसपास धरून ठेवतो, त्यामुळे बाहेर ४३ अंश असले म्हणून ऑइल त्याच प्रमाणात तापत नाही. फरक पडतो तो एसी लावून, गाडी भरून, दुपारच्या वेळी हैदराबाद रोडला तासन्‌तास वेगात चालवताना.

म्हणून पुस्तिकेतला तापमानाचा तक्ता उघडून पाहा. त्यात दोन्ही ग्रेड दिले असतील आणि तुमचं फिरणं हायवेवर जास्त असेल, तर ५डब्ल्यू-३० घ्या. मायलेज थोडंसं कमी होईल, पण उन्हाळ्यात ऑइलचा थर भक्कम राहील. पुस्तिकेत फक्त ०डब्ल्यू-२० असेल तर तेच. त्या इंजिनाचा ऑइल पंप, व्हॉल्व्ह टायमिंगची यंत्रणा आणि चेनचा टेन्शनर त्याच पातळपणाच्या हिशेबानं बनलेले असतात. टर्बो पेट्रोल असेल तर कॅनवर एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसपी हा दर्जा आहे ना, ते बघा. २०२० पासून आलेल्या या दर्जात टर्बो इंजिनात इंधन अवेळी पेट घेण्यापासून आणि टायमिंग चेनच्या झिजेपासून संरक्षणाच्या चाचण्या आहेत.

१५डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-५०

जुन्या डिझेल गाड्यांना १५डब्ल्यू-४० आजही चांगलं. स्वस्त आहे, कुठेही मिळतं आणि आपल्या हवेला पुरतं. मात्र बीएस-६ डिझेलमध्ये ते केवळ स्वस्त आहे म्हणून टाकू नका. त्या गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी धरणारा डीपीएफ असतो. जास्त राखेचं ऑइल जळलं की ती राख त्यात साचत जाते. काजळीसारखी ती जळून जात नाही. तिथं कमी राखेचं ऑइल लागतं. पुस्तिकेत एसीईए (युरोपातल्या वाहन कंपन्यांच्या संघटनेचा दर्जा) सी२ किंवा सी३ लिहिलं असेल तर कॅनवरही तेच हवं, आणि ग्रेडचा आकडाही: दोन्ही जुळले पाहिजेत.

२०डब्ल्यू-५० खूप चाललेल्या, ऑइल खाणाऱ्या जुन्या इंजिनापुरतं ठेवा. नव्या गाडीत नको.

हिवाळ्यात खरी काळजी कशाची?

ज्यांची गाडी जुळे सोलापूरहून सात रस्ता आणि परत, एवढीच फिरते, त्यांनी हे नीट वाचावं. थोड्या अंतरात ऑइल पुरतं तापत नाही. जळणातून तयार झालेलं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्येच राहतं. ऑइल भरायच्या झाकणाच्या आत दुधासारखा फेस दिसला तर बहुतेक वेळा कारण हेच असतं. एखाद्या रविवारी तुळजापूरपर्यंत जाऊन आलात की ते पाणी उडून जातं. फेसासोबत कूलंटही कमी होत असेल तर मात्र हेड गॅस्केटची (कूलंट आणि ऑइल वेगळं ठेवणाऱ्या इंजिनातल्या सीलची) शंका घेऊन गाडी लगेच मेकॅनिकला दाखवा. थोडंच फिरणाऱ्या गाड्यांना फुल सिंथेटिक ऑइल असलं तरी दहा हजार किलोमीटरची वाट पाहू नका. वर्ष झालं की ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला.

ऑइल पेट्रोल पंपावरून किंवा अधिकृत विक्रेत्याकडून घ्या आणि सील तुमच्यासमोर तोडायला सांगा. रिकामा कॅन भोक पाडूनच टाका, म्हणजे त्यात कुणी नकली माल भरणार नाही. बिलावर ग्रेडसोबत एपीआय किंवा एसीईएचा दर्जाही लिहून घ्या. वॉरंटीचा प्रश्न आला तर तोच कागद दाखवावा लागतो.