किलाउएआ इकी, मौना उलू की पुउलोआ? हवाईच्या ज्वालामुखी उद्यानात एका दिवसात कुठली वाट चालावी

हवाई व्होल्कॅनोज राष्ट्रीय उद्यानात गाइड घ्यायची गरज नसते. गाडीमागे 30 डॉलर भरले की सात दिवस ये-जा करता येते, आणि वाटा नीट आखलेल्या आहेत. अडतं ते वेळेवर. मुक्काम बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हिलो शहरात असेल तर उद्यान पाऊण तासावर आहे. पश्चिम किनाऱ्यावरच्या कोनाकडे असेल तर नुसतं पोचायलाच दोन तासांवर वेळ जातो. म्हणून बहुतेकांच्या हाती एक मोठी वाट आणि एक छोटी, एवढंच उरतं.

गुडघे साथ देत असतील तर मोठी वाट किलाउएआ इकी या विवराचीच घ्यावी. 5.3 किलोमीटरचा फेरा, सव्वाशे मीटरचा उतार आणि तेवढाच चढ, एकूण दोन ते तीन तास. नोव्हेंबर 1959 मध्ये इथं उद्रेक सुरू झाला, पाचेक आठवडे चालला, आणि लाव्हाचं कारंजं साडेपाचशे मीटरच्याही वर गेलं. विवरात लाव्हाचं तळं साचलं. त्याच तळ्याच्या थिजलेल्या पाठीवरून आपण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातो. असा अनुभव बाकीच्या दोन वाटांवर नाही.

फेरा घड्याळाच्या उलट दिशेने करावा. किलाउएआ इकीच्या पार्किंगवरून आधी कड्याच्या जंगलातून पश्चिमेला जायचं. वरून अख्खं विवर दिसत राहतं, पलीकडचा पुउ पुआइचा लालसर राखेचा डोंगर दिसतो, आणि खाली उतरल्यावर कुठून काय आलं ते समजतं. उतार संपतो तिथं तळाचे तुकडे एकमेकांवर चढून बसलेत. घोटा मुरगळतो तो इथंच. पुढे जमीन बरीचशी सपाट आहे, मधेमधे भेगा आहेत. चढ येतो पूर्वेला, झाडांच्या सावलीत, वळणावळणांचा, आणि थेट नाहुकू या लाव्हाच्या बोगद्यापाशी बाहेर काढतो. बोगदा पाहून पार्किंगला परतायचं.

विवराच्या तळावर रंगाच्या खुणा किंवा पाट्या फारशा नाहीत, 'आहु' म्हणजे रचलेल्या दगडांचे ढीग आहेत. धुकं उतरलं की एका आहुपाशी थांबावं, पुढचा दिसला तरच हलावं. हौसेनं स्वतःचे ढीग कधीही रचू नयेत. मागून येणारा माणूस त्यांच्यामागे भरकटतो. भेगांमधून वाफ निघते. खाली अजून गरम असलेल्या खडकापर्यंत झिरपलेलं पावसाचं पाणीच वाफ होऊन वर येतं. त्यात हात घालू नये, भाजतं.

बूट मात्र नीट हवेत. सह्याद्रीचा कातळही लाव्हाचाच, पण तो साडेसहा कोटी वर्षं झिजलेला. इथला खडक ताजा आणि काचेसारखा आहे. टेकलेला तळहात सोलून निघतो. सँडल नको, मुलांना फुलपँट घालावी.

मौना उलू निवडावं ते चढउतार नको असेल किंवा वर पार्किंग भरलं असेल तर. किलाउएआ इकी आणि नाहुकूच्या छोट्या पार्किंगमध्ये साधारण दहानंतर जागा मिळत नाही. मौना उलूची वाट पुउहुलुहुलू टेकडीपर्यंत जाऊन-येऊन सुमारे चार किलोमीटर आहे आणि शेवटचा छोटा चढ सोडला तर सोपी आहे. 1969 ते 1974 अशी पाच वर्षं इथं लाव्हा वाहत होता. झाडांभोवती थिजलेले लाव्हाचे खांब इथं जवळून बघायला मिळतात: आतलं खोड जळून गेलं, साचा उभा राहिला. सावली मात्र अजिबात नाही, आणि ढग खाली असले तर टेकडीवरून काहीच दिसत नाही. आकाश मोकळं असेल तरच इथं यावं.

पुउलोआची वाट सर्वांत छोटी, येऊन-जाऊन सव्वादोन किलोमीटर, पण ती समुद्राकडे उतरणाऱ्या चेन ऑफ क्रेटर्स रस्त्यावर सोळाव्या मैलाजवळ आहे. इथं खडकात 23 हजारांहून जास्त कोरीव खुणा आहेत. त्यातले कित्येक नुसते वाटीएवढे खळगे. नवजात बाळाची नाळ त्यात ठेवून वर दगड ठेवायचे, बाळाला दीर्घायुष्य लाभावं म्हणून. नाळ पुरण्याचं महत्त्व मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणूनच लाकडी फलाट सोडून कोरीवकामावर पाय पडू देऊ नये. आजी-आजोबा किंवा लहान मुलं बरोबर असतील तर तिन्हींत हीच वाट बरी. शिवाय वर पाऊस-धुकं असताना खाली बऱ्याचदा ऊन असतं.

दमा किंवा हृदयविकार असेल, कुणी गरोदर असेल, तर आधी वाऱ्याची दिशा बघावी. नेहमीचा ईशान्येचा वारा हालेमाउमाउ या किलाउएआ ज्वालामुखीच्या माथ्यावरच्या विवराचा गंधकी धूर नैर्ऋत्येला नेतो आणि किलाउएआ इकी मोकळं राहतं. दक्षिणेचा वारा सुटला की तोच धूर माणसांच्या दिशेला येतो. त्या दिवशी पुउलोआला जावं. उद्रेकामुळे वाटा अचानक बंदही होतात, म्हणून सकाळी निघण्याआधी उद्यानाच्या संकेतस्थळावरची सूचना वाचावी आणि नकाशा फोनमध्ये उतरवून घ्यावा. आत नेटवर्कचा भरवसा नाही.

दोन वाटा जमवायच्या असतील तर आठला किलाउएआ इकी, मग नाहुकू, आणि दुपारनंतर पुउलोआ. खालच्या रस्त्यावर पाणी, खाणं, पेट्रोल काहीच मिळत नाही. माणशी दोन लिटर पाणी आणि जेवण वरूनच घेऊन उतरावं, आणि सुमारे अकराशे मीटरचा उतार असल्यानं गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी. ही जागा मुंबईच्याच अक्षांशावर आहे. सूर्य मावळला की अंधार झपाट्यानं पडतो. खालून पाचच्या सुमारास निघावं आणि टॉर्च प्रत्येकाकडे असावा. वाटेच्या तोंडाशी ब्रश ठेवलेले असतात, त्यांनी बुटांचे तळवे जाताना आणि येताना घासावेत: ओहिआ ही इथली मूळची झाडं मारणारी बुरशी मातीबरोबर पसरते.