ड्रिल केलेल्या चार फुटी टाकीचा ओव्हरफ्लो आणि सम्प : आठ महिन्यांनंतर

माशांची टाकी ४ × दीड × दीड फूट, गोड्या पाण्याची. खाली ७५ × ३० सेंमीचा, ४० सेंमी उंच सम्प, म्हणजे वरून उतरलेलं पाणी जिथून पंपाने परत वर जातं ती टाकी. कोपऱ्यातल्या ओव्हरफ्लो बॉक्सच्या (काठावरून पाणी ज्यात सांडतं तो कप्पा) तळाला तीन भोकं : एक इंची दोन उतरत्या लाइनी (एक मुख्य, एक इमर्जन्सी) आणि पाऊण इंची परतीची. पंप चालू असताना सगळेच सेटअप झकास दिसतात. सांगलीत खरी परीक्षा लाइट जाते आणि परत येते तेव्हा.

लाइट गेली की टाकीची पातळी ३ सेंमी उतरते. १२० × ४५ सेंमीच्या टाकीत १ सेंमी म्हणजे ५.४ लिटर, म्हणजे १६ लिटर. त्यात बॉक्स आणि पाइपातलं चारेक लिटर. हे २० लिटर सम्पमध्ये ९ सेंमी चढतात. म्हणून चालू स्थितीतली पातळी २४ सेंमीच्या वर जाऊ देत नाही. परतीच्या नळीला पाण्याच्या पातळीखाली जेमतेम १ सेंमीवर ४ मिमीचं भोक आहे, तिथून हवा शिरली की उलटा सायफन, म्हणजे टाकीतलं पाणी परतीच्या नळीतून आपोआप खाली ओढलं जाणं, तुटतो. त्यात एकदा बारीक गोगलगाय अडकली आणि सम्प काठोकाठ भरला. आता दर रविवारी दातकोरणं फिरवायचं. पाणी उलटं येऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या भरवशावर राहू नका. बोअरच्या जड पाण्याचा क्षार बसला की झडप पूर्ण मिटत नाही.

लाइट आल्यावरची गोष्ट वेगळी. मुख्य लाइनचं टोक आधी सम्पच्या पाण्यात १० सेंमी बुडालेलं होतं, त्यामुळे पाइपातली हवा बाहेर पडेना, पाणी इमर्जन्सी लाइनमधून खळखळत उतरायचं. टोक कापून २ सेंमीच बुडेल असं केलं. आता दीड-दोन मिनिटं गुरगुरून पाइप सायफन धरतो (हवा निघून पूर्ण पाण्याने भरतो) आणि एकदम शांत.

मुख्य लाइनला कॉक लागतोच, पण बॉल व्हॉल्व्हवर बारीक सेटिंग जमत नाही, केसभर फिरवला तरी पातळी पळते. गेट व्हॉल्व्ह हवा. शेतीच्या पाइपांच्या दुकानात तो पितळीच हातात देतात. कोळंबी असेल तर तांब्यामुळे नकोच, यूपीव्हीसीचा मागवा. आधी पूर्ण उघडा, मग इमर्जन्सी पाइपात करंगळीएवढी धार जाईपर्यंत हळूहळू आवळा. इमर्जन्सीला कॉक कधीही बसवायचा नाही; मुख्य लाइन चोंदली तर पंपाचं सगळं पाणी तिनेच वाहायचंय.

टाकीच्या भोकात पाइप जोडायला बसवतात त्या टँक निपलचा रबरी वायसर पाण्याच्या बाजूला, नट बाहेरून, हाताने घट्ट करून वर पाव फेरा. सिलिकॉन लावू नका, वायसर घसरतो आणि थेंब थेंब सुरू होतं. भोक पाडण्यापूर्वी निपल हातात घेऊन मोजा, कारण एक इंची म्हणून मिळणाऱ्या निपलांची बाहेरची मापं सारखी नसतात. तळाची काच टफन केलेली असेल तर ड्रिल लावताच चुरा होतो. युनियन (पाइप न कापता सोडता येणारा जोड) प्रत्येक लाइनला घ्या. साठ-सत्तर रुपये वाचवायला गेलात तर साफसफाईला पाइप कापावा लागेल.

पंपाच्या खोक्यावर ताशी ३००० लिटर. सव्वा मीटर उंची आणि दोन एल्बोनंतर १५ लिटरची बादली ३० सेकंदांत भरली, म्हणजे प्रत्यक्षात १८००. एवढ्या टाकीला ते भरपूर.

एप्रिल-मेमध्ये रोज तीनेक लिटर पाणी उडतं, आणि ते फक्त सम्पमधल्या पंपाच्या कप्प्यात कमी झालेलं दिसतं. तिथे पेनाने खूण करून ठेवलीय. पातळी त्याखाली गेली की पंप हवा ओढतो आणि टाकीत बारीक बुडबुड्यांचं धुकं पसरतं.